रंग नंतर, आधी भिंती वाळू द्या

पूर ओसरल्यावर बालवाडी पंधरा दिवसांत रंगवून सुरू करावी, अशी एक सूचना आली आहे. त्यामागची तळमळ मला समजते, तरीही रंगाची घाई करू नये असे मी आग्रहाने सांगेन. विटांच्या भिंतीत मुरलेले पाणी वाळायला अनेक आठवडे लागू शकतात आणि ओल्या भिंतीवर दिलेला रंग ती ओल आतच कोंडतो, मग पोपडे सुटतात व बुरशी धरते. बुरशी तर भिजल्यापासून 24 ते 48 तासांतच वाढू लागते, आणि जमिनीवर रांगणाऱ्या, हाती येईल ते तोंडात घालणाऱ्या मुलांच्या ती फार जवळ असते. पुराच्या पाण्यात बहुधा सांडपाणी मिसळलेले असते, म्हणून गाद्या, कापडी बाहुल्या आणि फुगलेली पुठ्ठ्याची पुस्तके टाकूनच द्यावीत, कितीही जीव तुटला तरी. कडक प्लास्टिकची खेळणी साबणाने धुऊन, निर्जंतुक करून वापरता येतात. दाबल्यावर आतून पाणी सोडणारी रबरी बदके मात्र ठेवू नयेत. दरम्यान एखाद्या कोरड्या सभागृहात त्याच ताई, तीच गाणी आणि तीच खाऊची वेळ ठेवून वर्ग भरवावा. काही मुले ठोकळ्यांची घरे रचून ती पुरात बुडवण्याचा खेळ पुन्हा पुन्हा खेळतील. त्यांना थांबवू नये, शेजारी बसून ऐकावे.