आईसाठी फोन सुचवा: टू-जी बंद करता येणारा, बजेट १२ हजार

कऱ्हाडकर: शेजारच्या काकांची रेंज शनिवारी गेली. टॉवरचं काम चालू असेल म्हणून गप्प बसले. सोमवारी बँकेत गेले तर एफडी मोडलेली. कुणीतरी त्यांच्या नंबरचं ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच चालू होणारं सिम) काढलं होतं. टू-जीत टॉवर खरा की खोटा हे फोन तपासतच नाही, असं वाचलंय. आईची पेन्शन तिच्या नंबरवर आहे. ते टू-जी बंद होणारा फोन सांगा. १२ च्या वर नाही.

पिक्सेलवाला: पिक्सेल घ्या. 'अलाऊ टू-जी' बंद केलं, दोन वर्षं निवांत आहे. आईसाठी थोडे वर टाकले तर काय बिघडलं?

कऱ्हाडकर: थोडे?

मिरजेचा_मामा: मुलाने आयफोन पाठवलाय दुबईहून. त्यात लॉकडाऊन मोड, म्हणजे जादा सुरक्षेचं सेटिंग, लावला की टू-जी आपोआप बंद.

सुलूमावशी: एवढं कशाला, जिओ घ्या. त्यांचं टू-जी नाहीच मुळी.

रेंज_नाही: मावशी, कंपनीचं नसलं तरी फोनला टू-जी येतंच ना. खोटा टॉवर बोलावेल तिकडे जाणार तो.

सुलूमावशी: माझ्याकडे सहा वर्षं जिओ आहे, काही झालं नाही.

जुना_लाइनमन: अहो, काकांचं सिम गेलं, त्यात टॉवरचा काय संबंध? पन्नास हजारांचा फोन असता तरी गेलंच असतं. ई-सिमची लिंक किंवा ओटीपी आला तर कुणालाही सांगायचा नाही, कंपनीतून बोलतोय म्हणाला तरी. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, तेवढाच वेळ आपल्या हातात. तासभर रेंज नसेल तर शेजाऱ्याच्या फोनवरून कंपनीला लावा. पैसे गेलेच तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. सरकारच्या संचार साथी साइटवर आईच्या नावावर किती नंबर आहेत तेही बघा, आमच्या वहिनींच्या नावावर चार निघाले. टू-जीचं बटण अँड्रॉइड १२ पासून आहे, पण प्रत्येक फोनला नाही. दुकानातच सेटिंग उघडून बघा.

पिक्सेलवाला: म्हणून तर पिक्सेल म्हणतोय.

मिरजेचा_मामा: काकांचे पैसे मिळाले का?

कऱ्हाडकर: नाही अजून. बरं, झालं काम. बँकेसाठी वेगळं सिम काढलं, सतराशेच्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. तो नंबर आई नि मी सोडून कुणाला माहीत नाही. देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला असतो. सकाळी दिवा लावताना आई रेंजच्या दांड्या मोजते.

रेंज_नाही: बटणाचा? अहो, तो तर टू-जीवरच चालतो!

कऱ्हाडकर: हो.