कडुनिंबाच्या सावलीतले अंगण आणि दोन कुत्री

प्रश्न
भुसावळला आमच्या घरापुढे उत्तरेकडे तोंड असलेले छोटे अंगण आहे आणि जुन्या कडुनिंबामुळे तिथे जवळजवळ दिवसभर सावली असते. दोन वेळा लॉन लावले, पण ते विरळ होत गेले आणि जे तगले ते कुत्र्यांनी उकरले. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल थेट ओसरीपर्यंत येतो. एक कुत्रा माझा आणि एक दिरांचा असल्यामुळे त्यांना मागे बांधण्याचा विषय घरात निघू शकत नाही. काय लावावे?

उत्तर १
ताई, लॉनचा नाद सोडावा. हरळीला भरपूर ऊन लागते, शिवाय कुत्र्यांच्या लघवीतील नत्र आणि क्षार एकाच जागी साचून गवत करपते. झाडे निवडण्याआधी आठवडाभर कुत्री कुठून धावतात ते पाहावे. बहुधा फाटकापासून ओसरीपर्यंत आणि कुंपणाच्या कडेने त्यांची वाट पडलेलीच असेल. त्याच वाटेवरची काळी माती थोडी काढून मुरूम ठोकावा, नाल्याकडे उतार द्यावा आणि वर शहाबादी फरशी बसवावी, म्हणजे चिखलाचा प्रश्न बराचसा मिटेल.

उत्तर २
उरलेल्या जागेत विटांचे उंच वाफे करून नेचे आणि स्पायडर प्लांट लावावेत. दोन्ही सावलीत वाढतात आणि कुत्र्यांना विषारी नाहीत. सावलीसाठी रोपवाटिकेत हमखास सुचवले जाणारे डिफेनबाकिया, मनी प्लांट आणि अळू मात्र टाळावेत, कारण त्यांतील ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे तोंडाची आग होते. सायकस आणि कण्हेर तर जिवावर बेतू शकतात.

उत्तर ३
उकरण्याबद्दल कुत्र्यांना दोष देऊ नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ती खालची गार माती शोधतात. कडुनिंबाखाली वाळूचा एक खड्डा त्यांच्यासाठीच ठेवून तो संध्याकाळी ओला करावा. आच्छादन म्हणून आपल्याकडे केळीची वाळलेली पाने सहज मिळतात, पण जाड थरात गोचीड आणि विंचू दडतात, म्हणून मी ती टाकत नाही. आणखी एक गोष्ट: खत म्हणून एरंडीची पेंड मुळीच घालू नये. कुत्री ती चवीने खातात आणि तिच्यातील रायसिन प्राणघातक ठरू शकते.

प्रश्नकर्ती
पेंडीचे अर्धे पोते ओसरीच्या कोपऱ्यातच पडलेले होते. ते आताच घराबाहेर काढले. फरशीचा उतार नाल्याकडे काढायचा तर कडुनिंबाची एक जाड मूळ आडवी येते. तिच्यावरून फरशी न्यावी, की वाट वळवावी?

उत्तर १
वाट वळवावी. मूळ तोडू नये.