मदत हवी आहे: इनटेक मॅनिफोल्ड बदलल्यापासून आयडल वरखाली होतंय आणि खालची ओढ गेली

वरची_लाल_रेघ:
मंडळी, जरा लवकर उत्तर द्या. होंडा सिविकला बाहेरच्या कंपनीचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) लावला, मोठा प्लेनम (हवेचा डबा) आणि आखूड रनरवाला (त्या डब्यातून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी नळी), वरच्या आरपीएमला ओढ वाढावी म्हणून. तेव्हापासून आयडल (पाय न देता उभ्या गाडीचं आरपीएम) धड राहत नाही, ९०० वरून १७०० ला जातं, परत खाली येतं, परत वर, थांबतच नाही. दुसरं म्हणजे ५००० च्या खाली गाडीत जीवच उरला नाहीये, आधी तिसऱ्या गिअरवर जिथून सहज निघायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. वर फरक पडलाय असं वाटतं पण खात्री नाही. बोल्ट टॉर्क रेंचने घट्ट केलेत, गॅस्केट नवीन आहे, तेव्हा ते सोडून काय असू शकतं ते सांगा. रविवारी ट्रॅक डे आहे.

तेलकट_पाना:
इंजिन कोणतं ते तरी सांगा. सिविकमध्ये किती प्रकारची इंजिनं आली. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) कोणता, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे) कोणते, थ्रॉटल बॉडी (पेडलने उघडणारी हवेची झडप) जुनी की नवीन, आणि मॅनिफोल्ड काढताना कूलंट काढलं होतं का?

वरची_लाल_रेघ:
बी१६ए आहे. बाकी सगळं स्टॉक. कूलंटचा काय संबंध, मी हवेच्या बाजूचं विचारतोय.

चार_थ्रॉटल:
हे प्लेनमवाले मॅनिफोल्ड म्हणजे तडजोड आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल लावा, मग रिस्पॉन्स म्हणजे काय ते कळेल. टोयोटाने १९९१ मध्ये २० व्हॉल्व्हच्या ४ए-जीईला कारखान्यातूनच चार थ्रॉटल दिले होते, १६०० सीसीचंच इंजिन, म्हणजे तुमच्याच मापाचं. मी तेच वापरतो, परत प्लेनमकडे वळणार नाही.

कॅमलोब:
चार_थ्रॉटल, त्यांना परवापर्यंत गाडी चालवायची आहे. स्वतंत्र थ्रॉटलवर मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) स्वच्छ व्हॅक्यूम मिळत नाही, मग थ्रॉटल किती उघडलाय त्यावरून पेट्रोलचं मॅपिंग करत बसा, हे सगळं एका आठवड्याचं काम नाही.

लाल_रेघ, "बाकी स्टॉक" म्हणजे कॅमपण स्टॉक असं धरतो. तसं असेल तर खालची ओढ जाणारच, त्यात बिघाड काही नाही. पिस्टन खाली जाताना रनरमध्ये कमी दाबाची लाट तयार होते, ती प्लेनमपर्यंत जाते आणि तिथून जास्त दाबाची होऊन परत येते. ती परतलेली लाट इनटेक व्हॉल्व्ह बंद व्हायच्या जरा आधी पोचली तर सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबली जाते. आता हिशोब बघा. ८००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ७.५ मिलिसेकंदात होतो. पोर्ट धरून रनर ३५ सेंमी असेल तर जाऊन येऊन ७० सेंमी, म्हणजे साधारण २ मिलिसेकंद, तेवढ्यात क्रँक ९६ अंश फिरतो. ४००० ला तेवढ्याच वेळात फक्त ४८ अंश. रनर आखूड केला की लाट लवकर परतते, त्यामुळे ती जुळायची जागा वरच्या आरपीएमला सरकते आणि खालची मोकळी पडते. बी१६एची कमाल ताकद स्टॉक कॅमवर ७६०० च्या आसपास येते, त्याच्यावर कॅमच हवा पुरी पडू देत नाही. म्हणजे मॅनिफोल्ड जिथे द्यायला लागतो तिथे कॅम थांबलेला असतो.

तेलकट_पाना:
लाटेचं बरोबर आहे पण एवढं सोपं नाही ते. लाट एकदा येऊन संपत नाही, व्हॉल्व्ह बंद झाला तरी रनरमध्ये आपटत फिरत राहते, पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडेपर्यंत, त्यामुळे दुसरी तिसरी फेरीपण धरावी लागते, तुम्ही एकाच फेरीवर निकाल दिलात. शिवाय प्लेनमचं आकारमानही आहेच.

कॅमलोब:
धरावी लागते हे मान्य. पण दिशा तीच राहते ना, आखूड केलं की सगळ्याच फेऱ्या वर सरकतात. खुद्द होंडाने इंटेग्रा जीएसआरच्या बी१८सी इंजिनाला दुहेरी रनर का दिले असतील? खाली फक्त लांब वाट चालू, ५७५० च्या आसपास झडप उघडली की आखूड वाटही चालू. दोन्ही गोष्टी एका लांबीत बसत नाहीत म्हणूनच.

रेणुका_पी:
जीएसआरचा विषय निघालाच आहे तर लाल_रेघ, मॅनिफोल्ड बी१६ आणि टाइप आरसाठीचाच आहे ना? जीएसआरच्या हेडचे पोर्ट आणि बोल्टच्या जागा वेगळ्या असतात. बोल्ट ओढूनताणून बसवले असतील तर गॅस्केट कितीही नवीन असू द्या, हवा खाणारच. आणि थ्रॉटल बॉडीचं उत्तर अजून दिलं नाहीत.

वरची_लाल_रेघ:
बी१६चाच आहे, बोल्ट हाताने आत गेले. थ्रॉटल बॉडी जुनीच, ६० मिमी. मॅनिफोल्डचं तोंड ७० आहे. मोठी थ्रॉटल बॉडी नंतर घेणार आहे. ईसीयूला चिप आहे, मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं तो तक्ता) जुन्या मॅनिफोल्डवर केलेला.

तेलकट_पाना:
मग "बाकी सगळं स्टॉक" कसं? हे सगळं पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

नट_बोल्ट:
एअर फिल्टर तेलाचा कापडी आहे का? धुतल्यावर तेल जास्त लागलं तर ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि आयडल असंच नाचतं. सेन्सर क्लीनर मारा, माझं त्यानेच गेलं.

रेणुका_पी:
बी१६ला एअरफ्लो सेन्सर नसतो हो, मॅप सेन्सर असतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजून ईसीयू हवा ठरवतो.

आणि इथेच लाल_रेघ यांच्या आयडलचं कोडं आहे. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत सेन्सर चुकवून मागून हवा शिरली तर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि इंजिन अडखळतं. मॅप सेन्सरच्या गाडीत जास्तीच्या हवेने मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल देतो आणि आरपीएम वर जातं. ते ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ईसीयू बघतो थ्रॉटल तर बंद आहे, म्हणजे ड्रायव्हरने पाय काढलाय, आणि पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतं, पेट्रोल परत सुरू, परत वर. तुमचं ९०० ते १७०० हे तंतोतंत हेच आहे. आता जास्तीची हवा कुठून येतेय ते शोधा. ६० च्या बॉडीला ७० च्या तोंडावर बसवलंय, गॅस्केट कोणत्या मापाचं टाकलंत? ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणारी), इंजेक्टरच्या खालचे रबर, मॅनिफोल्डवरची न वापरलेली भोकं, सगळं एकेक करून बघा. धुराची टेस्ट (इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून गळतो ते बघणं) होत असेल तर तीच करा, गरम इंजिनवर कार्ब क्लीनर उडवत बसू नका, आग लागते.

पिस्टनवाले_काका:
लीक शोधायच्या आधी पाच मिनिटांचं काम करा. कूलंटचा काय संबंध असं विचारलंत ना, या इंजिनात संबंध आहे. थ्रॉटल बॉडीच्या खाली फास्ट आयडलचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याच्यात मेण असतं. इंजिन थंड असताना तो उघडा राहून जास्त हवा देतो, गरम कूलंट त्याच्यातून फिरलं की मेण फुगतं आणि व्हॉल्व्ह मिटतो. मॅनिफोल्ड बदलताना कूलंटच्या बारीक नळ्या सुटतात, परत जोडल्यावर तिथे एअर लॉक होतो. मग इंजिनाचा काटा गरम दाखवतो पण व्हॉल्व्हपर्यंत गरम पाणी पोचतच नाही, तो उघडाच राहतो.

इंजिन पूर्ण गरम करा, इनटेकचा पाइप काढा, थ्रॉटल बॉडीच्या तोंडात खालच्या बाजूचं भोक बोटाने दाबा. बोट ओढलं जात असेल आणि आरपीएम खाली येऊन स्थिर होत असेल तर चोर सापडला. मग गाडी पूर्ण थंड करून, पुढून उचलून, हीटर फुल गरमवर ठेवून कूलंट भरा, ब्लीड बोल्टमधून बुडबुडे बंद होऊन सलग धार येईपर्यंत. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

स्वॅप_करा:
एवढ्या उस्तवारीपेक्षा होंडाचं के२० इंजिन टाका ना. १९९८ सीसी, खालची ओढ आपोआप येते, रनरच्या लांबीवर एवढं डोकं लावावंच लागणार नाही.

कॅमलोब:
त्यांनी इंजिन बदलू का असं विचारलेलं नाही. आणि रनरची लांबी के२०लाही लागतेच, होंडानेच त्याला वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळे मॅनिफोल्ड दिले.

नट_बोल्ट:
अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड गरम होतो, त्यापेक्षा प्लास्टिकचे बरे. आजकाल कंपन्या उगाच नायलॉनचे देत नाहीत.

चार_थ्रॉटल:
गरम होतो हे खरं, पण फुल थ्रॉटलला हवा रनरमधून इतक्या वेगाने जाते की तिला तापायला वेळच मिळत नाही. ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर फरक पडतो. खरा उपाय बघायचा तर माझदाचा ७८७बी बघा, १९९१ ला ल मॉंची २४ तासांची रेस जिंकला तो. त्याच्या चार रोटरच्या इंजिनात इनटेकच्या नळ्या चालू गाडीतच लांब-आखूड व्हायच्या, आरपीएम चढेल तशा सलग. खालचं आणि वरचं दोन्ही मिळवायचा तेवढा एकच प्रामाणिक मार्ग आहे, बाकी सगळे एक सोडून दुसरं घेतात.

तेलकट_पाना:
तुम्ही तर वर म्हणत होता स्वतंत्र थ्रॉटल हाच मार्ग.

चार_थ्रॉटल:
रस्त्यावरच्या गाडीसाठी म्हणत होतो. रेसिंगचं वेगळं.

वरची_लाल_रेघ:
काकांनी सांगितलेलं केलं. बोट चक्क खेचलं गेलं आणि आरपीएम ८५० ला येऊन थांबलं. कूलंट परत भरलं, बुडबुडे बराच वेळ येत होते. आता गरम झाल्यावर आयडल स्थिर आहे. धुराची टेस्टपण करून घेतली, थ्रॉटल बॉडीच्या गॅस्केटपाशी खालच्या कोपऱ्यातून बारीक धूर येत होता, ७० चं गॅस्केट ६० च्या बॉडीवर तिथे पुरं बसत नव्हतं, अ‍ॅडॉप्टर प्लेट टाकून तेही झालं. काका आणि रेणुकाताई, मनापासून आभार. आता खालच्या ओढीचं काय करू? रविवारसाठी जुना मॅनिफोल्ड परत लावू?

तेलकट_पाना:
लावा. स्टॉक कॅमवर तोच बरा.

कॅमलोब:
ट्रॅकवर जाताय तर मी नाही लावणार. बी१६चा गिअरबॉक्स जवळच्या रेशोचा आहे, वर नेऊन गिअर बदललात तर पुढच्या गिअरला व्हीटेकच्या (वरच्या आरपीएमला दुसऱ्या, मोठ्या कॅमवर जाण्याची होंडाची सोय) आसपासच पडता. ५००० च्या खाली फक्त एखाद्या अगदी बारीक वळणावर याल, तिथे दुसरा टाका. घरी-ऑफिसला हीच गाडी वापरत असाल तर मात्र पाना म्हणतात ते बरोबर, किंवा मग कॅम आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दोन्ही बदला, अर्धवट ठेवू नका.

रेणुका_पी:
त्याच्याही आधी मिश्रण मोजा. मॅप जुन्या मॅनिफोल्डवरचा आहे. त्याच दाबाला, त्याच आरपीएमला आता सिलिंडरमध्ये हवा वेगळी भरतेय आणि ईसीयूला ते माहीत नाही. मधे हवा कमी भरत असेल तर तिथे पेट्रोल जास्त पडतंय, वर जास्त भरत असेल तर तिथे पातळ चाललंय, आणि ८००० ला पातळ चालवणं म्हणजे पिस्टन घालवणं. वाइडबँड (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून तिसऱ्या गिअरवर ३००० पासून वरपर्यंत एकच सलग फुल थ्रॉटल लॉग काढा, मोकळ्या ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडीची ताकद मोजायचं यंत्र).

वरची_लाल_रेघ:
डायनोवर लॉग काढला. हवा-पेट्रोलचं प्रमाण (आकडा जास्त म्हणजे मिश्रण पातळ) ४५०० पर्यंत ११.९, ६००० ला १३, आणि ७२०० च्या वर १३.९ ते १४.१. एवढं चालेल का? रविवारचे पैसे भरून झालेत.

रेणुका_पी:
नाही चालणार. टर्बो नसलेल्या इंजिनाला फुल थ्रॉटलवर १२.८ ते १३.२ च्या मधे ठेवतात. १४ वर अख्खा लॅप मारलात तर नॉकिंग (मिश्रण सिलिंडरमध्ये अवेळी पेटणं) सुरू होईल आणि त्या आवाजात तुम्हाला ऐकूही येणार नाही. चिप आहे म्हणजे मॅप बदलता येतो, आहे त्याच डायनोवर वरचं पेट्रोल वाढवा आणि ४५०० पर्यंतचं कमी करा, खालचा जडपणा थोडा त्यानेच जाईल.

कॅमलोब:
आणि डायनोवर आहातच तर व्हीटेकची जागापण तिथेच शोधा. एक रन फक्त खालच्या कॅमवर, एक फक्त वरच्या कॅमवर, दोन्ही टॉर्कच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे व्हीटेक उघडायचं. जुन्या मॅनिफोल्डवर ते ५५०० च्या आसपास असेल, या मॅनिफोल्डवर तिथेच असेल असं धरून चालू नका.

वरची_लाल_रेघ:
ट्यूनरला उद्या सकाळची वेळ मागितली आहे. मॅप झाला तरच जाईन, नाहीतर पुढच्या ट्रॅक डेला. दोन्ही कॅमचे ग्राफ इथे टाकतो.