हातात क्यू, पण यू नाही: सात अक्षरांतला शब्द दिसायचा कसा?

खानापूरची मावशी
बहिणीचा मुलगा सुट्टीला बेळगावहून येतो तो स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स पटावर जुळवून शब्द लावायच्या खेळाचा, डबा काखेत मारूनच. तो इंग्रजी शाळेत आठवीला आहे. मी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले, इंग्रजी पाचवीत भेटली. पावसात लाईट गेली की चार्जिंगचा दिवा मधे ठेवून आम्ही खेळतो आणि दर वेळी मीच हरते. हरण्याचं काही नाही. पण हातात शब्द असतो आणि मला तो दिसत नाही, याची रात्रभर चुटपुट लागते.

परवा पहिला डाव माझा होता. हातात एफ, क्यू, ए, आय, आर, टी, ओ. क्यूमागे यू येतो एवढंच शाळेत शिकवलेलं, आणि यू तर नव्हता. पाच मिनिटं टाइल्स मागेपुढे केल्या आणि शेवटी क्यू पिशवीत टाकून दुसरी घेतली. डाव फुकट गेला. अक्षरं टाकली की शब्द काढून देणाऱ्या साइट असतात म्हणे, पण खेळताना मोबाईल बघायचा नाही असं आमचं ठरलंय. मला स्वतःला दिसायला पाहिजे. काय करू?

शहापूर_गल्ली
मावशी, तुमच्या हातात फकीर होता की ओ! एफ-ए-क्यू-आय-आर. क्यूचे गुण 10, एफचे 4, उरलेल्या तिघांचा एकेक, झाले 17. पहिला शब्द मधल्या चांदणीवरून जातो, तिथे दुप्पट मिळतात. 34!

यू नसताना चालणारे शब्द थोडेच आहेत, ते पाठ करून टाका. क्यू-आय हा चिनी शब्द दोन अक्षरांत 11 देतो. क्यू-ए-आय-डी, म्हणजे आपल्या कानाला कैद वाटेल असा, 14 देतो. झेड अडकला तर झेड-ए, तेही 11.

त्या साइट काय करतात सांगतो. प्रत्येक शब्दाची अक्षरं ए ते झेड अशी क्रमाने लावून ठेवतात. मास्टर घ्या किंवा स्ट्रीम घ्या, रांग एकच येते: ए, ई, एम, आर, एस, टी. तुमच्या अक्षरांची रांग तशीच लावायची आणि जुळणारी शोधायची, इतकंच. हे डोक्यात बसलं की मास्टर दिसल्यावर स्ट्रीम आपोआप आठवतो.

खेळताना आय-एन-जी किंवा ई-आर असेल तर उजवीकडे सरकवून ठेवा, आर-ई डावीकडे. मधे उरलेल्या तीन-चार अक्षरांकडेच बघा. आणि एस उगाच चार-पाच गुणांसाठी घालवू नका. 100 टाइल्समध्ये एस फक्त चार आहेत, आणि कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या कोऱ्या दोनच. सातही अक्षरं एका फटक्यात लागली तर वर 50 मिळतात, ते याच टाइल्सच्या जोरावर.

निपाणीची अक्का
ताई, मराठी शाळेचं तुम्हाला नुकसान आहे असं समजू नका. स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या यादीत आपल्या घरातले कितीतरी शब्द आहेत. लाख 11, पूजा 13, खादी 13. तालुकासुद्धा आहे, 10 गुण. चपाती सात अक्षरांची: 14 अधिक 50! फक्त स्पेलिंग यादीतलं पाहिजे. लाखाला शेवटी के-एच, पूजेला यू एकच. कुठली यादी मानायची ते मात्र भाच्याशी आधी ठरवून घ्या, ऐन डावात वाद नको.

नजर तयार करायची तर मराठीत करा, हे मी मनापासून सांगते. आमच्या वखारीच्या दारावर गावाचं नाव रंगवलंय. लहानपणी वडिलांची वाट बघत त्या पाटीसमोर बसायची मी. व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी, असं सुटं करून बघता बघता एक दिवस दिसलं: निपाणीत पाणिनी आहे. न, प, ण, एक काना, एक ऱ्हस्व, एक दीर्घ वेलांटी. काही उरत नाही, काही कमी पडत नाही. व्याकरणकार आमच्या तंबाखूच्या गावात! तो आनंद अजून गेलेला नाही माझा. गजरा, गाजर, जागर हेही तसंच. बेळगावातला ब बाजूला ठेवा, वेगळा हा शब्द मिळतो. आधी मात्रा सुट्या करायच्या, मग व्यंजनं फिरवायची. इंग्रजीतही तेच, स्वर एकीकडे काढून ठेवा.

खानापूरची मावशी
फकीर वाचून कपाळाला हात लावला. अक्का, काल दुपारी वहीच्या मागच्या पानावर खानापूर सुटं करून लिहिलं. ख, न, प, र, दोन काने, एक दीर्घ उकार. आधी पूर दिसला, मग रान, पान, खापर. भाचा मागे येऊन उभा राहिला, त्याला काही दिसेना. मला दिसलं: पाखरू. खाली न आणि काना राहिले, म्हणजे ना. सगळी अक्षरं संपली! "पाखरू ना." त्याने दोनदा मोजून बघितलं. आता तोच वहीत निपाणी लिहून बसलाय, उत्तर मी सांगितलेलं नाही.