विषय: रि: २ मार्चचा सिनेमा, कुठला लावायचा?

मंडळी नमस्कार,
२ मार्चला नट डॉ. काशिनाथ घाणेकरांना जाऊन ४० वर्षं होतील, म्हणून मंडळात सिनेमा ठेवतोय. कमिटीतल्या बहुतेकांचं म्हणणं, घाणेकरांच्या आयुष्यावरचा २०१८ चा सुबोध भावेंचा '...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' लावू, मुलांनापण कळेल. वेगळं मत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

---

मी सध्या चिपळूणला आईकडे आहे. मेल तिला वाचून दाखवला तेव्हा ती हाताला खोबरेल लावून विळीवर फणसाची कुयरी चिरत होती, तशीच थांबली आणि म्हणाली, अगो, भाव्यांनी काम छानच केलंय, पण काशिनाथ आपल्या चिपळूणचा, तो स्वतः आहे की सिनेमात, मग आधी त्याला बघा ना!

आणि मला ते अगदी पटलं. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाटक १९६२ चं, त्यातला त्यांचा संभाजी आईने गिरगावात मामाकडे राहून पाहिला होता, 'अश्रूंची झाली फुले' मधला लाल्यापण पाहिला, नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यांची नावं झाली की शेवटी 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर', ते कात्रणसुद्धा तिने जपलं होतं. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा सगळा चिखलात गेला, त्यात तेही गेलं. चार दिवस ती फायली उन्हात वाळवत होती, कात्रणाचा नुसता लगदा हातात आला.

रंगमंचावरचे ते प्रयोग आता कुणालाच बघता येणार नाहीत, सिनेमे तेवढे आहेत. म्हणून माझं मत 'पाठलाग', १९६४, राजा परांजप्यांचा. हिंदीतला 'मेरा साया' त्याच्यावरूनच केला हे आपल्याकडेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. घाणेकर त्यात वकील आहेत, बायको गेलेली, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई सांगते मीच तुमची बायको. कोर्टात तिला प्रश्न विचारताना त्यांचा चेहरा बघा, विश्वास ठेवायचा नाहीये आणि ठेवावासा वाटतोय! शिवाय आशाबाईंचं 'या डोळ्यांची दोन पाखरे' आहेच. शेवट मुलांना कुणी आधी सांगू नका प्लीज.

---

ताई, पाठलागला माझं अनुमोदन, पण आम्हा दापोलीकरांचा हट्ट म्हणून 'गारंबीचा बापू' पुढच्या वेळी तरी ठेवाच. मूळ कादंबरी लिहिणारे श्री. ना. पेंडसे आमच्या मुर्डीचे, आणि बापू घाणेकरांनी नाटकातही केला, सिनेमातही. खोतासमोर मान न वाकवणारा, राधेसाठी सगळ्या गावाशी वाकडं घेणारा माणूस, तो कोकणातल्याच नटाने करावा! आमच्या वडिलांना सुपारीची वाडी बघितली की बापूच आठवायचा.

---

बापू पुढच्या वेळी नक्की, आई पण खूश झाली ऐकून. कमिटीला एक विनंती, पाठलाग तुमच्या वेळेने दुपारी १ ला सुरू करा, इथे भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजतात. सुरुवातीला ती व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं त्या गिरगावच्या प्रयोगाबद्दल बोलेल, आतापासूनच कुठलं लुगडं नेसू विचारतेय. इथल्या आठनंतर ठेवू नका, ती जेवून झोपते.