कार्डिफहून लॅन्डिड्नोला जायला इंग्लंडात कशाला शिरायचं?

ताफकाठचा

मे उजाडला, भारतातून आईवडील यायला लागले, की इथल्या मराठी घरांत तोच प्रश्न सुरू होतो: उत्तर वेल्स दाखवायचंय, रस्ता कुठला घेऊ? बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं असतं. न्यूपोर्टवरून वर चढा, हेरफर्ड, लडलो, श्रूस्बरी करत ए49 ने जा, चेस्टरच्या अंगाने ए55 पकडा. म्हणजे निघायचं वेल्स बघायला आणि बराचसा दिवस घालवायचा इंग्लंडात. मला हे अजिबात पटत नाही. माझं मत: ए470 घ्या. दक्षिण किनाऱ्यावरचं कार्डिफ बे ते उत्तर किनाऱ्यावरचं लॅन्डिड्नो 186 मैल, नंबर एकच, आणि सगळा रस्ता वेल्समधला.

हा रस्ता इतका वळणावळणाचा का, हेही समजून घ्या. इथल्या खाणींतून निघालेला कोळसा आणि पाटीचा दगड बंदरांकडे आणि इंग्लंडकडे न्यायचा होता, म्हणून मोठे रस्ते आणि रेल्वे पूर्व-पश्चिम झाल्या. दक्षिणेला एम4, उत्तरेला ए55, मधे एकही मोटरवे नाही. आजही कार्डिफहून उत्तरेला जाणारी आगगाडी हेरफर्ड-श्रूस्बरीवरूनच जाते. ए470 म्हणजे गावोगावचे जुने रस्ते जोडून 1970 च्या दशकात त्यांना दिलेला एक नंबर. म्हणून तो मधेच चौपदरी असतो, मधेच एखाद्या गावच्या अरुंद पुलावरून जातो.

मर्थर टिडविलपर्यंतचा भाग पटकन उरकतो. पुढे ब्रेकन बीकन्स लागतात (2023 पासून उद्यानाचं अधिकृत नाव बान्नाय ब्रखाइनियोग). रस्त्याला लागून एकामागे एक तलाव, मग स्टोरी आर्म्सची खिंड, आणि उजव्या हाताला 886 मीटरचा पेन-अ-फान. ब्रेकन आणि बिल्थ वेल्स ओलांडलं की वाय नदीच्या सोबतीने ऱ्हायडर. इथे मुक्काम करा, माझं ऐका.

कारण ऱ्हायडरच्या पश्चिमेला एलान खोरं आहे. 1893 ते 1904 या काळात इथे दगडी धरणं बांधली, ती बर्मिंगहॅमला पाणी द्यायला. 73 मैल लांब जलवाहिनीतून ते पाणी निव्वळ उताराने जातं. बर्मिंगहॅममधल्या आपल्या मराठी घरांत नळ सोडला की येतं ते हेच पाणी. धरणांच्या काठाकाठाने वर चढत पोंट-आर-एलानला पोचलात की तिथून कुमिस्टविथकडे जाणारा डोंगरी रस्ता लागतो. झाड नाही, घर नाही, कुंपण नाही. डोक्यावर लाल घारी. विसाव्या शतकात या घारी ब्रिटनमध्ये जवळजवळ संपल्या होत्या, उरलेल्या मोजक्या जोड्या मध्य वेल्सच्या याच डोंगरांत तगल्या. पुढे शिशाच्या खाणींचे पडके अवशेष, मग डेव्हिल्स ब्रिज. तिथे एकाच घळीवर एकावर एक तीन पूल आहेत: सगळ्यात खालचा मध्ययुगीन, मधला 1753 चा, वरचा 1901 चा. ए49 वर यातलं काय दिसतं, सांगा बरं!

तिथून ए44 गाठून लॅन्गिरिगला परत ए470 वर या, किंवा अॅबरिस्टविथ-मॅखन्लेथ करत ए487 ने वर जा. डोल्गेथलायच्या अलीकडे दोन्ही रस्ते भेटतातच.

वेस्टमिडलंड्सकर

ताफकाठचा, तुमचं वर्णन वाचून मन भरलं, पण सल्ला मान्य नाही.

माझ्या आईला गाडी लागते. सत्तरी ओलांडलेली आहे, गुडघे दुखतात, दर दीड तासाला स्वच्छतागृह लागतं. ए470 वर बिल्थच्या पुढे वळणं सुरू झाली की ती डोळे मिटून बसते, खिडकीबाहेर बघणं तर लांबच. तिच्यासाठी चांगला रस्ता म्हणजे पोट न ढवळणारा रस्ता. ए49 वर लडलो आहे, चर्च स्ट्रेटनच्या टेकड्या आहेत, हाताशी हॉटेलं आहेत, मोबाईलला रेंज आहे. गाडी बंद पडली तर मदत लवकर येते. लॅन्गिरिग आणि डोल्गेथलायच्या मधे रात्री आठनंतर गाडी बंद पडली तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन काय करणार?

निसर्ग बघायला त्यांना एरीरीत, म्हणजे स्नोडोनियात, नेऊच की. तिथे ताजेतवाने पोचले तर बघतील ना!

ताफकाठचा

आईंच्या गाडी लागण्याबद्दल वाद नाही. पण ए49 सरळसोट आहे हा समज काढून टाका. हेरफर्ड ते श्रूस्बरी बहुतेक रस्ता दुपदरीच आहे, त्यावर लॉऱ्यांची रांग. हेरफर्डला बायपास नाही, सगळी वाहतूक शहरातूनच वाय नदी ओलांडते. शुक्रवारी दुपारी तिथे अडकून बघा. लॉरीच्या मागे थांबत-निघत जाण्यानेही पोट ढवळतंच.

आणि मी एका दिवसात जा असं म्हणतच नाही. पहिल्या दिवशी फक्त ऱ्हायडरपर्यंत. वयस्कर माणसांना घेऊन एका दमात दक्षिणेतून उत्तरेत जाणं हेच मला चुकीचं वाटतं, रस्ता कुठलाही असो.

दर्यावर्दी

तुम्ही दोघं डोंगरात अडकलात. वेल्सला समुद्र आहे, विसरलात का?

एम4 आणि पुढे ए48 ने कार्मार्थन, तिथून लॅम्पिटर करत अॅबराएरॉन, आणि मग ए487 ने किनाऱ्याकिनाऱ्याने वर. अॅबराएरॉनच्या बंदराभोवतीची रंगीत घरं, न्यू कीला नशीब असेल तर धक्क्यावरूनसुद्धा दिसणारे डॉल्फिन. आणि लॅनरिस्टडजवळ रस्त्याकडेची ती भिंत, लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली: 'ट्रिवेरिन विसरू नका'. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी 1965 मध्ये ट्रिवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे गाव धरणाखाली गेलं, त्याची आठवण. बर्मिंगहॅमच्या नळाबद्दल लिहिलंत, मग लिव्हरपूलच्याही नळाबद्दल लिहायला हवं होतं. एलान खोऱ्यातलीही सुमारे शंभर माणसं घरं सोडून गेली. सुंदर तलाव म्हणून पुढे जाऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

किनाऱ्याचा रस्ता वयस्करांनाही सोपा. गाव सोडलं की थोड्या वेळात पुढचं गाव.

वेस्टमिडलंड्सकर

आणि प्रत्येक गावात ताशी 20 मैल. सप्टेंबर 2023 पासून वेल्समध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर 30 ऐवजी 20 ची मर्यादा आली. काही ठिकाणी परत 30 झाली, पण पाटी बघितल्याशिवाय गृहीत धरू नका. ए487 वर गावामागून गाव, म्हणजे कार्डिगन बेचा किनारा रांगतच पार करायचा. ऑगस्टमध्ये पुढे कॅरव्हॅन असली तर विचारूच नका.

दर्यावर्दी

रांगत जाऊ की! समुद्र बघायला आलोय. आणि 20 ची मर्यादा गावातल्या पोरांसाठी आहे, मला ती मान्य आहे.

केरेडिगियनची_सून

इथेच, पश्चिम वेल्समधल्या केरेडिगियनमध्ये, राहते, इथेच नोकरी करते, म्हणून न राहवून लिहितेय. तुम्ही सगळे रस्ता निवडताय तो प्रवाशाच्या नजरेने. ताफकाठचा दादांनी एलानचा डोंगरी रस्ता सगळ्यांना सरसकट सांगितला, त्याला माझा विरोध आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात काय होतं ते सांगते. दोन्ही बाजूंना छातीपर्यंत हेज (झुडपांचं कुंपण), मधे एका गाडीपुरता रस्ता. समोरून गवताचे गठ्ठे लादलेला ट्रेलर घेऊन ट्रॅक्टर येतो. पाहुण्याची भाड्याची मोठी गाडी नाकासमोर उभी. मागे तीस यार्डांवर पासिंग प्लेस, म्हणजे बाजूला होऊन वाट द्यायची रुंद जागा, आहे, पण त्याला रिव्हर्स जमत नाही. मग ट्रेलरवाल्याने मागे जायचं का? तो बिचारा उतरून येतो, खिडकीशी उभा राहून स्टिअरिंग कुठे वळवायचं ते सांगतो, आणि तोवर मागे पाच गाड्या साठतात. त्यांतली एखादी नर्सची, एखादी शाळेची मिनीबस. आमच्यासाठी मोठं हॉस्पिटल म्हणजे अॅबरिस्टविथचं ब्रॉन्ग्लाइस. तिकडे निघालेला माणूसही याच रस्त्यावर असतो.

यायचं तर शिकून या. पासिंग प्लेस डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरा. उजव्या हाताला असेल तर तिकडे घुसू नका, तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा तिच्यात वळून निघून जाईल. चढ चढणाऱ्याला आधी वाट द्या. फोटो काढायला पासिंग प्लेसमध्ये गाडी लावू नका, हे तर हात जोडून सांगते.

आणि पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ असलेली पाटी दिसली म्हणजे ताशी 60 मैलांनी जायलाच हवं असं नाही. कायद्याने तेवढी मुभा आहे, एवढाच तिचा अर्थ. त्या रस्त्यावर 25 सुद्धा जास्त होतात. वसंतात कोकरू रस्त्याच्या एका बाजूला आणि मेंढी दुसऱ्या बाजूला दिसली तर थांबाच. कोकरू आईकडे पळणार, गाडी बघून थांबणार नाही. रात्री मेंढ्या उबेला डांबरावर येऊन बसतात, वळण संपेपर्यंत दिसत नाहीत.

ताफकाठचा

सूनबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि माझ्या सल्ल्याला त्याने जोरच येतो. एलानचा वरचा रस्ता उघड्या माळावरचा आहे, हेजमधला नाही. समोरची गाडी खूप आधी दिसते, थांबायला वेळ मिळतो. ज्याला अशा रस्त्याची सवय करायची त्याने तिथेच करावी. ट्रेगारॉन-अॅबरग्विसनचा रस्ता, किंवा दिनास मॉथविजवळचा बुलख-अ-ग्रोइस, हे नवख्यासाठी नाहीत, आणि मी त्यांचं नावही घेतलं नव्हतं. पहिल्यावर डेव्हिल्स स्टेअरकेसची उभी वळणं आहेत. दुसरा 545 मीटरवर चढतो, चढ चारास एक.

केरेडिगियनची_सून

उघडा माळ आहे, मान्य. पण पाऊस आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि आमच्याकडे ते जुलैतही उतरतं. सकाळी ऱ्हायडरला ढग खाली असतील तर मुकाट्याने ए44 ने लॅन्गिरिगला जा. हे तुम्ही मूळ लेखात लिहायला हवं होतं.

सिंहगडरोड

पुण्याहून विचारतोय. जूनमध्ये येतोय, मी, बायको आणि दहा वर्षांची मुलगी. भारतीय लायसन्सवर गाडी घेणार आहे. घाटात चालवायची सवय आहे, ताम्हिणी, वरंधा नेहमीचं. मग ए470 मधे अवघड काय आहे? आणि एवढ्या वादानंतर नक्की कुठून जाऊ?

वेस्टमिडलंड्सकर

पाहुणे म्हणून येताय तर भारतीय लायसन्सवर 12 महिने चालवता येतं. गाडी उजव्या स्टिअरिंगची, डावीकडून चालायचं, तो प्रश्न नाही. पण घाटाची सवय इथे पूर्ण कामी येत नाही. आपल्या घाटात वळणावर हॉर्न वाजवतो, समोरचा सावरून घेतो. इथे कोणी हॉर्न वाजवत नाही, आणि स्थानिक माणूस त्या वळणावरून 50 ने येतो कारण त्याला ते पाठ आहे. मागे कोणी चिकटलं तर ताण घेऊ नका, जागा बघून डावीकडे घ्या, जाऊ द्या.

दहा वर्षांची मुलगी आणि धडधाकट माणसं असाल तर, चला, ए470 घ्या. माझा आक्षेप म्हाताऱ्या माणसांपुरता आहे आणि तो कायम आहे. आईला घेऊन मी ए49 नेच जाणार.

दर्यावर्दी

सिंहगडरोड, जून म्हणजे उजेड रात्री साडेनऊपर्यंत. किनाऱ्याने जा. डोंगर तुम्हाला पुण्यात आहेतच!

ताफकाठचा

सिंहगडरोड, गाडी लहान घ्या, पोलोच्या आकाराची. भाड्याची गाडी घेताना टायर, काच आणि खालचा भाग विम्यात येतो का ते विचारा. हेजच्या आतल्या दगडी बांधाला घासून टायर फाटतात.

पहिला दिवस: कार्डिफ ते ऱ्हायडर. पेन-अ-फान चढायचा असेल तर सकाळी लवकर पोचा, गाडी लावायला जागा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी ढग वर असतील तर एलान, कुमिस्टविथ, डेव्हिल्स ब्रिज, अॅबरिस्टविथ. इथे दर्यावर्दींचा समुद्र मिळेल. मुलगी आहे म्हणून सांगतो, डेव्हिल्स ब्रिजहून अॅबरिस्टविथला वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे जाते, ती वेळापत्रक बघून जमवा. मुक्काम मॅखन्लेथला. तिसरा दिवस: डोल्गेथलाय, ट्राव्सविनिथ, ब्लाइनाय फेस्टिनियोग. तिथले पाटीच्या दगडाचे करडे डोंगर सोडू नका, 2021 पासून तो परिसर जागतिक वारशात आहे. मग क्रिमिया खिंड, बेतुस-ई-कोएड आणि लॅन्डिड्नो. पेन-इ-पासला गाडी लावून यर विद्वा (स्नोडन) चढायचा बेत असेल तर पार्किंग आधी आरक्षित करावं लागतं.

परतीला वेळ नसेल तर ए49 घ्या, तेवढ्यासाठी तो ठीक आहे.

केरेडिगियनची_सून

एक राहिलं. सॅटनॅव (रस्ता सांगणारं यंत्र) 'जवळचा रस्ता' म्हणून शेतातल्या वाटेवर वळवतो, मॅखन्लेथच्या आसपास तर हमखास. नंबर नसलेल्या रस्त्यावर वळायला सांगितलं तर वळू नका, ए487 सोडू नका. डोंगरात रेंज जाते, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल ऱ्हायडरलाच भरून घ्या.