श्वानप्रदर्शनातील ‘फॉल्ट’: खोड, दोष की उणीव?

रावपुरेकर:
गेल्या रविवारी येथे बडोद्यात झालेल्या श्वानप्रदर्शनात परीक्षकांचे इंग्रजी शेरे मालकांना मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे होते. लॅब्रॅडॉरच्या मानकात, म्हणजे त्या जातीच्या आदर्श वर्णनात, नराची खांद्यापाशी आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर आहे. एक कुत्रा त्याहून किंचित उंच वाटल्याने शेऱ्यात ‘फॉल्ट’ आला. मी ‘उंचीची खोड’ म्हणताच पुण्याहून नुकत्याच आलेल्या मालकीणबाई ताडकन म्हणाल्या, “आमच्या शेरूला कसलीही खोड नाही, तो चपलासुद्धा चावत नाही.” येथे कोणता शब्द योग्य?

सदाशिवपेठी:
बाईंचे बरोबर आहे. खोड स्वभावाला असते, शरीराला नाही. म्हणून तर जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. गुजरातीत ‘खोडखांपण’ म्हणजे शारीरिक व्यंग, आणि तोच अर्थ बडोद्याच्या मराठीत शिरला आहे. शुद्ध मराठीत ‘उणीव’ म्हणावे.

दांडियाबाजारकर:
जो कुत्रा जास्त उंच आहे, त्याच्यात उणीव कशाची? मानकातले कलम असे की, वर्णनापासून कोणतेही ढळणे हा फॉल्ट, आणि तो किती गंभीर हे ढळण्याच्या प्रमाणावर, तसेच कुत्र्याच्या प्रकृतीवर व पारंपरिक कामावर होणाऱ्या परिणामावर ठरवावे. पाण्यात पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या जातीच्या अंगावर पाण्याला दाद न देणारी दाट लव नसेल, तर ते गंभीर. बोटभर उंचीने काय बिघडते? त्यासाठी ‘दोष’ शब्दही जड होतो.
राहिला शिरकावाचा आरोप. संस्कृत कोशांत ‘खोड’ म्हणजे लंगडा, आणि गुजरातेतील देवी खोडियार मातेचे नावही ती लंगडत आली या कथेवरूनच सांगतात. माझ्या मते खोड आधी शरीरालाच होती. ती स्वभावाला नंतर चिकटली असावी.

सदाशिवपेठी:
मग झाडाचे खोडही लंगडेच म्हणायचे काय? शिवाय अंगावर येणारा किंवा अति बुजरा लॅब्रॅडॉर मानकानुसार थेट बाद होतो. ती खरी खोड. बाद करणाऱ्या स्वभावाला आणि बोटभर उंचीला एकच शब्द वापरला, तर मालक घाबरणारच.

रावपुरेकर:
पण मग उंचीला काय म्हणावे? पुढच्या महिन्यात पुन्हा शेरे सांगायचे आहेत.

दांडियाबाजारकर:
झाडाचे ते खोड, स्वभावाची ती खोड. नपुंसकलिंगी आणि स्त्रीलिंगी असे हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढे तरी पेठेत मान्य व्हावे.